वाढीव खोलीवर सपाट छप्पर: आधी पाण्याची वाट, मग बाकी सगळं

घराला जोडून खोली वाढवायची ठरली की खिडकी कुठे, फरशी कोणती, दार कुठल्या बाजूला, यावर महिनाभर चर्चा होते. छपराचा विषय मात्र 'वरून सपाट करून टाकू' एवढ्यावर मिटतो. आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: वर काय टाकायचं, डांबराची चादर, रबर की लिक्विड? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर फार पुढचा आहे. सपाट छप्पर चादरीच्या मधोमध क्वचितच गळतं. ते गळतं कडेला, कोपऱ्यात, पाइपाभोवती आणि सगळ्यात जास्त जुन्या भिंतीला जिथे टेकतं तिथे. म्हणून निर्णय ज्या क्रमाने घ्यायला हवेत त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. साहित्य मुद्दाम उशिरा येईल.

पायरी 1: कागदावर पाण्याचे बाण काढा

'सपाट' या शब्दाने बऱ्याच जणांचा घात केला आहे. सपाट छपराला उतार लागतोच. आराखड्यात 40 ला 1, म्हणजे मीटरमागे 25 मिमी उतार धरावा. प्रत्यक्ष कामात तो सगळाच्या सगळा मिळत नाही. वासे थोडे वाकतात, कोबा थोडा चुकतो, चादरींच्या जोडावर जाडी वाढते. एवढं सगळं होऊनही 80 ला 1, म्हणजे मीटरमागे साडेबारा मिमी तरी उरला पाहिजे. आराखड्यातच 80 ला 1 धरला, तर काम संपेपर्यंत कुठेतरी डबकं नक्की तयार झालेलं असतं.

आता छपराचा नकाशा काढा आणि तीन गोष्टी बाणांनी दाखवा.

पाणी येतं कुठून? नुसत्या नव्या छपरावर पडणारा पाऊस मोजून भागत नाही. जुन्या घराच्या उतरत्या छपराची पागोळी नव्या छपरावर पडत असेल तर तेही क्षेत्रफळ हिशेबात घ्या. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाच बाय चार मीटरचं छप्पर 20 चौरस मीटर भरतं. तासाला 100 मिमीच्या वेगाने सर आली तर त्यावर तासाला 2000 लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण 33 लिटर पाणी जमतं. दर मिनिटाला पंधरा लिटरच्या दोन बादल्या भरून वर थोडं. जुन्या छपराचे 40 चौरस मीटर त्यात मिळवले तर हाच आकडा मिनिटाला 100 लिटर होतो. शक्य असेल तर जुन्या छपराला स्वतंत्र पन्हळ आणि पाइप द्या आणि ते पाणी थेट खाली न्या. नव्या छपरासाठी यापेक्षा मोठी मदत नाही.

पाणी जातं कुठे? उतार शक्यतो जुन्या घरापासून दूर, मोकळ्या बाजूला असावा. जुन्या भिंतीकडे उतार देऊन भिंतीलगत पन्हळ काढायची वेळ आली, तर आराखडा पुन्हा तपासा, कारण सगळं पाणी तुम्ही सर्वांत नाजूक सांध्यापाशी गोळा करत असता. पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडणार नाही हेही इथेच पाहून घ्या.

आणि तोंड तुंबलं तर? चारही बाजूंनी कठडा आणि पाणी निघायला एकच भोक, ही रचना म्हणजे वर बांधलेला हौद. भोकावर पानं किंवा पिशवी बसली की काम संपलं. पाणी निघायला दोन तोंडं द्या, किंवा एक तोंड आणि कठड्यातून बाहेर काढलेला एक ओसंडता पाइप. त्या पाइपाची पातळी भिंतीवर चढवलेल्या जलरोधक थराच्या (पाणी अडवणारी चादर किंवा लेप) वरच्या कडेच्या आणि दाराच्या उंबऱ्याच्या खाली असावी. त्यातून पाणी पडायला लागलं की खालून दिसतं आणि मुख्य तोंड तुंबल्याचं आपोआप कळतं.

पायरी 2: उंचीची वजाबाकी

आराखडे सगळ्यात जास्त अडकतात ते इथे. जुन्या घराला वरच्या मजल्याची खिडकी असेल तर तिची खालची कड तुमचं छप्पर किती वर जाऊ शकतं ते ठरवते. थर भिंतीवर किमान 150 मिमी चढला पाहिजे आणि तो खिडकीच्या कडेखालीच संपला पाहिजे.

उदाहरण करून पाहू. नव्या खोलीच्या जमिनीपासून वरच्या खिडकीची कड 3000 मिमीवर आहे. भिंतीवर चढवण्याचे 150 वजा केले, उरले 2850. उष्णतारोधक थराचे 100 गेले, 2750. चार मीटरला 40 ला 1 प्रमाणे उताराचे 100 गेले, 2650. वासे आणि वरची फळी मिळून 200 धरले, 2450. आतल्या छताच्या बोर्डाचे 15 गेले, म्हणजे खोलीची आतली उंची 2435 मिमी. चालण्यासारखी आहे. पण कड 2700 मिमीवर असती तर उंची 2135 उरली असती, आणि मग काम करणारा माणूस पहिली काटछाट उतारात करतो, दुसरी भिंतीवरच्या 150 मिमीत. दोन्हींची किंमत तुम्हाला पुढे ओल म्हणून मोजावी लागते. जागा कमी पडत असेल तर खोलीची जमीन खाली घेता येते का, किंवा उताराची दिशा बदलून अंतर कमी होतं का, ते आधी पाहा.

पायरी 3: वजन कोण पेलणार

काँक्रीटचा स्लॅब, लाकडी वाशांवर प्लाय, किंवा लोखंडी सांगाड्यावर पत्र्याचं डेक, असे हे मुख्य तीन पर्याय. निवड ठरते ती वर काय होणार आहे त्यावर. नुसतं साफसफाईसाठी वर चढायचं असेल तर चौरस मीटरला साधारण 75 किलोचा वावरता भार, म्हणजे माणसं आणि सामानाचं वजन, धरला जातो. गच्ची म्हणून वापरायची असेल तर त्याच्या दुप्पट, 150 किलो. हा निर्णय आजच घ्या. 'पुढेमागे गच्ची करू' म्हणून हलक्या वाशांवर छप्पर घालणं धोक्याचं आहे.

125 मिमी जाडीचा स्लॅब स्वतःच चौरस मीटरला 310 किलोच्या आसपास भरतो. त्यावर उतारासाठी घातलेला कोबा बहुतेकांच्या हिशेबात नसतो. पाच बाय चारच्या छपरावर 80 ला 1 उतार द्यायला एका टोकाला 25 मिमी आणि दुसऱ्या टोकाला 75 मिमी कोबा घातला, तर तो एक घनमीटर झाला. म्हणजे सुमारे दोन टन. म्हणून माझं ठाम मत आहे की उतार सांगाड्यातच द्यावा: स्लॅबचं सेंट्रिंग उतारातच लावावं, लाकडी कामात वाशांवर निमुळत्या पट्ट्या ठोकाव्यात, किंवा उष्णतारोधक फोमचे तक्तेच निमुळते कापलेले घ्यावेत. 1000 लिटरची टाकी वर ठेवणार असाल तर तो आणखी एक टन, आणि तो तुळईवर किंवा भिंतीवर यायला हवा, स्लॅबच्या मधोमध नाही. हे आकडे अंदाज बांधायला दिले आहेत. सळई, तुळई आणि वाशांचं माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या.

हलक्या छपराची काळजी उलटी असते. वारा त्याला वर खेचतो, आणि ही ओढ कोपऱ्यांत आणि कडांना सगळ्यात जास्त असते. तिथे स्क्रू किंवा चिकटवण मधल्या भागापेक्षा दाट लागतं.

पायरी 4: जुनं आणि नवं जिथे भेटतं

या पायरीवर वेळ घालवा.

जुनं घर कधीच बसलेलं असतं. नव्या खोलीचा पाया पहिली काही वर्षं थोडाथोडा बसत राहतो. शिवाय ऊन तापलं की स्लॅब लांबतो: सहा मीटरचा स्लॅब 30 अंशांच्या फरकाला सुमारे दोन मिमी हलतो. दोन्हींमधली फट सिमेंटने ठासून भरली तर भेग पडणारच. म्हणून सांधा हलणार हे गृहीत धरूनच तो करायचा. फटीत फोमची दोरी दाबून वर लवचीक सीलंट भरा आणि वरची चादर तिथे किंचित ढिली, वळण ठेवून घाला. भिंतीवर चढवलेल्या थरावर धातूची झाकणपट्टी येते. ती फक्त जुन्या भिंतीला बसवायची आणि खालच्या बाजूने मोकळी सोडायची. दोन्हीकडे ठोकली तर पहिल्याच हालचालीत फाटते.

झाकणपट्टीची वरची कड भिंतीत 25 मिमी खोल खाच कापून आत खोचली पाहिजे. नुसती वरून स्क्रू मारून सीलंटची रेघ ओढणं हे तात्पुरतं काम. दोन-तीन उन्हाळ्यांत ती रेघ सुकून सुटते.

इथे एक अनुभव सांगतो. आमच्या वाढीव खोलीत पहिल्याच पावसात छताच्या मधोमध थाळीएवढा पिवळा डाग आला. वरची चादर मी हाताने चाचपून दोनदा तपासली, कुठे छिद्र नव्हतं. शेवटी पाणी शिरत होतं ते अडीच मीटर लांब, जुन्या भिंतीलगत. चादर तिथे गिलाव्यावरच चिकटवलेली होती. बोटाच्या पेराने ठोकलं तर गिलावा ढोलासारखा वाजला. तो विटेपासून सुटला होता, पाणी त्याच्या मागून खाली उतरत होतं आणि फळ्यांच्या उतारावरून वाहत जाऊन मधल्या सांध्यातून टपकत होतं. तेव्हापासून एक गोष्ट पक्की लक्षात आहे: थर भिंतीवर चढवण्याआधी तेवढ्या पट्ट्यातला जुना गिलावा आणि रंग खरवडून विटेपर्यंत जायचं.

आणखी एक बाब फार थोड्यांच्या लक्षात येते. कालपर्यंत जी भिंत पूर्ण बाहेरची होती, तिचा खालचा भाग आता नव्या खोलीच्या आतली भिंत होतो. वरच्या भागावर पाऊस बसतो, वीट पाणी पिते, आणि ते पाणी भिंतीच्या आतूनच खाली उतरतं. झाकणपट्टी कितीही चांगली असली तरी ती बाहेरच राहते. पोकळीची दुहेरी भिंत असेल तर छपराच्या वर पोकळीत पाणी अडवून बाहेर काढणारी पट्टी घालावी लागते. भरीव भिंत असेल तर छपरावरच्या तिच्या भागाचा गिलावा, रंग आणि भेगा आधी दुरुस्त करा.

पायरी 5: ऊन, थंडी आणि आतली वाफ

काँक्रीट जाड असलं की खोली थंड राहते, हा समज सोडून द्या. एक इंच एक्सपीएस फोम (दाबून बनवलेला कडक उष्णतारोधक फोम) उष्णता जेवढी अडवतो तेवढी अडवायला मीटरभराहून जाड काँक्रीट लागेल. म्हणून उष्णतारोधक थर वेगळा घालावाच लागतो. तो कुठे घालायचा, यावर छपराचं आयुष्य ठरतं.

फळीच्या किंवा स्लॅबच्या वर फोम आणि त्यावर चादर, ही सगळ्यात निर्धोक पद्धत. दुसरी पद्धत वाशांच्या मध्ये, म्हणजे फळीच्या खाली भरण्याची. उंची वाचते म्हणून ती मोहात पाडते. पण तिच्यात फळी आणि भरणाच्या मध्ये 50 मिमीची हवेची जागा आणि दोन्ही टोकांना झरोके लागतात. वाढीव खोलीचं एक टोक जुन्या घराला चिकटलेलं असतं, मग हवा आरपार जाणार कुठून? वाफ अडकते, फळीच्या खाली थेंब धरतात आणि काही वर्षांत प्लाय कुजतो. वरून चादर मात्र नव्यासारखी दिसत असते. वाढीव खोलीसाठी मी ही पद्धत टाळायलाच सांगेन.

तिसरी पद्धत उलटी: स्लॅबवर आधी जलरोधक थर, त्यावर एक्सपीएस, त्यावर फरश्या किंवा गोटे. जलरोधक थर उन्हापासून आणि चालण्यापासून झाकला जातो, त्यामुळे टिकतो. गोट्यांचा 50 मिमीचा थर चौरस मीटरला 80 किलोच्या वर भरतो, म्हणून ही पद्धत शक्यतो काँक्रीटवरच.

वाफ अडवणारा थर नेहमी उबदार बाजूला घालतात. थंड हवामानात ती बाजू आतली. दमट, उष्ण हवेत दिवसभर एसी चालत असेल तर वाफ बाहेरून आत येते आणि हिशेब उलटतो.

पायरी 6: आता साहित्य

डांबरी चादरी दोन किंवा तीन थरांत, बर्नरने तापवून चिकटवतात. डांबरात प्लास्टिक मिसळलेला एपीपी प्रकार उन्हाला चांगलं तोंड देतो, रबर मिसळलेला एसबीएस प्रकार थंडीत लवचीक राहतो. जोड बाजूने 100 मिमी आणि टोकाला 150 मिमी एकमेकांवर चढलेले हवेत. लाकडी छपरावर उघडी ज्योत वापरायला मी कधीच सांगणार नाही. तिथे मागून कागद सोलून चिकटवायची चादर मिळते.

ईपीडीएम म्हणजे कृत्रिम रबराची चादर. लहान खोलीला ती एकसंध मिळते, मध्ये जोडच नाही. आयताकृती, मोकळ्या, कमी पाइप असलेल्या लाकडी छपराला माझी पहिली पसंती हीच. तेल, तूप, डांबर तिला सोसत नाही, आणि टोकदार वस्तूने ती फाटते.

पीव्हीसी आणि टीपीओ या प्लास्टिकसारख्या चादरींचे जोड गरम हवेने वितळवून जोडतात. उत्तम काम होतं, पण यंत्र आणि सरावलेला हात लागतो. पीव्हीसी थेट डांबरावर किंवा थर्मोकोलवर टाकू नका. तिच्यातला मऊपणा टिकवणारा अंश निघून जातो आणि ती कडक होते. मध्ये वेगळा कापडी थर लागतो.

फायबरग्लास कठीण, गुळगुळीत आणि चालायला चांगलं. मात्र खालची फळी पूर्ण कोरडी हवी, काम चालू असताना पाऊस नको, आणि मोठ्या छपरावर प्रसरणाचे सांधे दिले नाहीत तर ते तडकतं.

ब्रशने लावायचे लिक्विड थर वेड्यावाकड्या कोपऱ्यांना आणि बऱ्याच पाइपांच्या छपराला सोयीचे. फसवणूकही इथेच सगळ्यात सोपी, कारण जाडी डोळ्यांना दिसत नाही. हिशेब असा करा. सुकल्यावर 1.2 मिमी जाडी हवी आहे आणि डब्यावर घन भाग आकारमानाने 60 टक्के लिहिला आहे. मग चौरस मीटरला 1.2 भागिले 0.6, म्हणजे दोन लिटर लागतील. 20 चौरस मीटरला 40 लिटर. रिकामे डबे मोजा. वीस लिटरमध्ये काम 'छान बसलं' असेल तर जाडी निम्मीच झाली आहे. दोन हात वेगवेगळ्या रंगाचे आणि एकमेकांना आडवे मारायला सांगा, म्हणजे सुटलेली जागा लगेच दिसते.

रंगाचंही पाहा. उन्हात काळा थर 70 अंशांपर्यंत तापू शकतो, पांढरा बराच कमी. थर जेवढा कमी तापतो तेवढा जास्त टिकतो.

पायरी 7: काम चालू असताना उभं राहून पाहायच्या गोष्टी

स्लॅब कोरडा आहे का? अर्धा मीटर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवा आणि 16 तास ठेवा. सोलल्यावर खाली दव किंवा काळसर ओल दिसली तर काम थांबवा.

भिंत आणि छप्पर जिथे काटकोनात मिळतात तिथे वाटा, म्हणजे कोपरा भरून काढणारा तिरका किंवा गोलसर सिमेंटचा पट्टा, मारलाय का? काटकोनात वळवलेली चादर खाली पोकळ राहते आणि पाय पडला की फाटते. आतल्या-बाहेरच्या कोपऱ्यांना जादा तुकडा किंवा जाळी लावली का? पाणी निघायच्या तोंडाभोवतीचा भाग बाकीच्यापेक्षा थोडा खोल आहे का? खुल्या कडेला खाली पाणी भिंतीपासून दूर टपकवणारी पट्टी आहे का, की पाणी कडेवरून वळून भिंतीवर पसरतंय? प्रत्येक थर झाकला जाण्याआधी फोटो काढा.

टाकीचे पाय, सोलरचे स्टँड, एसीचा पाइप, सगळं जलरोधक थराच्या आधी बसवून घ्या.

पायरी 8: पाणी भरून पाहा

तोंडं बंद करा आणि सगळ्यात उथळ जागी 25 मिमी पाणी येईल एवढं भरा. आधी वजन पाहा: 50 मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला 50 किलो. 40 ला 1 उतार असेल तर खालच्या टोकाला पाणी बरंच खोल जातं. लाकडी छपरावर ही चाचणी इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. तिथे सांध्यांवर, खालून वर एकेक करत, नळीने पाणी सोडून पाहा.

पाणी 24 ते 72 तास ठेवतात. पातळी थोडी उतरलीच, तर गळती की बाष्पीभवन? यासाठी शेजारी एका पसरट, सरळ कडांच्या भांड्यात पाणी भरून ठेवा आणि दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करा. भांड्यातलं पाणी चार मिमी उतरलं आणि छपरावरचं दहा, तर बाकीचे सहा कुठे गेले ते शोधायचं. खाली छताला हात लावून पाहा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंतींचे वरचे कोपरे पाहा.

चाचणीची अट करारातच लिहा आणि पैशांचा शेवटचा हप्ता तिच्यानंतरचा ठेवा. हमी लेखी घ्या, आणि त्यात साहित्याची हमी वेगळी, कामाची वेगळी असं स्पष्ट असू द्या. नुसत्या साहित्याच्या हमीत सांधा सुटल्याची जबाबदारी कुणावरच येत नाही.

त्यानंतर वर्षातून दोनदा वर चढा, त्यातलं एक पावसाआधी. पानं काढा, तोंडात बादलीभर पाणी ओतून पाहा, झाकणपट्टीच्या खाचेतलं सीलंट नखाने दाबून पाहा. पाऊस थांबून 48 तास झाले तरी एखाद्या जागी पाणी उभं असेल तर ती जागा खडूने गोल करा आणि दुरुस्त करून घ्या. आणि अँटेना बसवायला कुणी ड्रिल घेऊन वर निघालं तर त्याला रबरी पट्टीवर ठेवायचा वजनदार ठोकळा द्या.